पॅरिसच्या वेशीवरचं ला देफाँस: एक संध्याकाळ तिथे का द्यावी?

सीनकाठी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

पॅरिसला येणाऱ्या आपल्या लोकांची यादी ठरलेली असते. आयफेल, लूव्र, मोनमार्त्र, सीनमधली बोटीची फेरी, आणि एखादा दिवस उरला तर व्हर्साय. मी कामानिमित्त इथेच राहते. पुण्याहून कुणी आलं की त्यांना हट्टाने ला देफाँसला घेऊन जाते. "ऑफिसांच्या बिल्डिंगा बघायला एवढ्या लांब आलो का आम्ही?" हा प्रश्न ठरलेला. त्याचं सविस्तर उत्तर एकदा लिहून ठेवावं म्हणून हा धागा.

पॅरिसच्या पश्चिमेला, शहराची हद्द आणि सीन नदी ओलांडली की प्युतो, कुर्बव्वा आणि नाँतेर या तीन गावांच्या जमिनीवर हा भाग उभा आहे. म्हणजे कागदोपत्री पॅरिस नाहीच. १९५८ साली फ्रेंच सरकारने त्यासाठी वेगळं प्राधिकरण नेमलं आणि काम सुरू झालं. आज तिथे जवळपास पावणेदोन लाख लोक रोज कामाला येतात.

मेट्रोची एक नंबरची लाइन थेट जाते, पण शेवटच्या स्टेशनवर उतरू नका. एक स्टेशन आधी, 'एस्प्लानाद'ला उतरा. त्याआधी गाडी न्यूयीच्या पुलावरून उघड्यावर नदी ओलांडते, तेव्हा खिडकीपाशी असा. वर आलात की ताकीस या ग्रीक शिल्पकाराचं पाण्याचं कुंड लागतं. त्यात उंच, वाकड्यातिकड्या दांड्यांवर रंगीत दिवे आहेत. तिथे पूर्वेकडे तोंड करून उभं राहा. समोर सरळ रेषेत आर्क द त्रिऑम्फ ही जुनी विजयकमान दिसते. तीच रेषा पुढे शाँझेलिझे, काँकॉर्द चौकातला इजिप्तचा स्तंभ, त्युइलरी बाग असं करत लूव्रच्या अंगणातल्या चौदाव्या लुईच्या अश्वारूढ पुतळ्यापर्यंत जाते. सतराव्या शतकात त्युइलरी बागेतून आखलेली ही रेषा. राजे गेले, क्रांती झाली, दोन सम्राट झाले, पाच प्रजासत्ताकं झाली, आणि प्रत्येकाने तीच रेषा पुढे नेली.

आता पाठ फिरवा. दुसऱ्या टोकाला ग्रांद आर्श ही कमानीसारखी इमारत आहे. पांढरी, मधून पोकळ, सुमारे ११० मीटर उंच. नोत्र दामचं अख्खं चर्च त्या पोकळीत मावेल असं म्हणतात. तिच्याकडे जाणारी वाट हलक्या चढाची आणि पूर्णपणे पायी चालणाऱ्यांसाठी आहे. दोन्ही बाजूंना झाडं, त्यांच्यामागे टॉवर. वाटेत रंगीबेरंगी नळ्यांचा एक उंच खांब लागतो. शिल्प म्हणून लोक फोटो काढतात, पण ती खालच्या भुयारांची हवा खेळती ठेवणारी चिमणी आहे. रेमाँ मोरेत्ती या चित्रकाराने ती ६७२ नळ्यांनी मढवली. जवळ गेलात की आतून घरघर ऐकू येते.

पुढे काल्डर या अमेरिकी शिल्पकाराचा लाल पोलादी 'कोळी' आणि त्याच्यासमोर मिरो या स्पॅनिश कलाकाराची दोन रंगीत पात्रं, दोन्ही १९७६ सालची. पॉम्पिदू संग्रहालय २०२५ साली दुरुस्तीसाठी बंद होईपर्यंत तिथे ज्यांच्या कलाकृती लोक तिकीट काढून बघत, त्यांची कामं इथे रस्त्यात उभी आहेत आणि त्यांच्या सावलीत लोक डबे खातात. डबे खरोखरच. साडेबाराच्या सुमाराला आर्शच्या पायऱ्या माणसांनी भरून जातात.

मला मनापासून वाटतं की ला देफाँस पाहिल्याशिवाय जुनं पॅरिस अर्धंच कळतं. जुनं शहर वाचलं, कारण नव्याला त्याच्याच रेषेत, पण वेशीबाहेर जागा दिली गेली. तुम्हाला काय वाटतं?

---

फेजतीन

ताई, मस्त धागा. माझा प्रश्न थेट आहे: पावणेदोन लाख लोक येतात कसे? मी हिंजवडीला बारा किलोमीटरसाठी कधीकधी दीड तास देतो. पावसात त्याहून जास्त. "पूर्णपणे पायी चालणाऱ्यांसाठी" हे वाचून दोनदा थांबलो. गाड्या गेल्या कुठे?

---

वास्तुवेडी

फेजतीन, गाड्या पायाखाली आहेत.

ज्यावर आपण चालतो ती जमीन नव्हेच. तो काँक्रीटचा प्रचंड स्लॅब आहे, सुमारे ३१ हेक्टरचा. त्याच्या खाली महामार्ग, आतले रस्ते, पार्किंग, माल उतरवण्याच्या जागा, बस डेपो, ट्राम, मेट्रो आणि आरईआर ही उपनगरी रेल्वे, सगळं थरांवर थर. माणूस वर आणि वाहन खाली, ही त्या काळातल्या नगररचनाकारांची लाडकी कल्पना. बहुतेक ठिकाणी ती कागदावर राहिली किंवा तुकड्यांत झाली. इथे ती जवळजवळ पूर्ण उतरली.

आर्किटेक्चर शिकणाऱ्यांनी माझ्या मते ग्रांद आर्शच्या आधी सीएनआयटी बघावं. ही इथली पहिली मोठी इमारत, १९५८ची. त्रिकोणी जागेवर उपडा घातलेला काँक्रीटचा द्रोण फक्त तीन टोकांवर टेकलाय. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत २१८ मीटर, मध्ये एकही खांब नाही. अभियंता निकोला एस्कियाँ. छत एकसंध जाड नाही, दोन पातळ कवचं आणि त्यांना जोडणारे उभे पडदे. म्हणून ते हलकंही आहे आणि वाकतही नाही. आत आता दुकानं, हॉटेल, ऑफिसं आहेत, पण मान वर केली की काँक्रीटवर फळ्यांच्या साच्याच्या रेघा दिसतात. कुणीतरी त्या फळ्या हाताने लावल्या होत्या.

आणि आर्श. तिच्यासमोर बरोबर मध्यावर उभं राहिलात तर ती रेषेला काटकोनात नाही हे लक्षात येईल. सुमारे साडेसहा अंशांनी वळलेली आहे. कारण जमिनीखाली आहे: रेल्वे, मेट्रो आणि महामार्गाची भुयारं आधीच तिथून जात होती. सुमारे तीन लाख टनांचं ओझं पेलणारे बारा मोठे खांब त्यांच्यामधूनच उतरवायचे होते. इमारत थोडी फिरवली तेव्हा ते जमलं. गंमत म्हणजे रेषेच्या दुसऱ्या टोकाचं लूव्रसुद्धा तिला जवळपास तेवढंच तिरकं आहे. त्यामुळे ही अडचण दोन्ही टोकांचं नातं सांगणारी ठरली.

तिचा वास्तुकार योहान ओटो फॉन स्प्रेकेल्सन हा डॅनिश. १९८३च्या स्पर्धेत ४२४ प्रस्ताव आले होते. निवड झाली तेव्हा त्याच्या नावावर स्वतःचं घर आणि चार चर्चं एवढंच काम होतं. राष्ट्राध्यक्ष मितराँनी त्याला निवडलं. पुढे सरकार बदललं, आराखड्यात फेरफार होत गेले, १९८६ साली तो बाजूला झाला आणि १९८७ साली वारला. काम पॉल आंद्रूने पूर्ण केलं. १४ जुलै १९८९ला, क्रांतीच्या द्विशताब्दीला उद्घाटन झालं. आपली आर्श स्प्रेकेल्सनने पूर्ण झालेली पाहिली नाही, याचं मला तिथे गेलं की दरवेळी वाईट वाटतं.

---

जुनापेठकर

वास्तुवेडी, सुंदर माहिती. एक भर घालतो. त्या उद्घाटनाच्या वेळी जी-७ची शिखर परिषद आर्शच्या माथ्यावर भरली होती. पाकिस्तानच्या 'ग्रे लिस्ट'मुळे आपल्याकडे पेपरात ज्याचं नाव सारखं येत असे, ते एफएटीएफ (काळ्या पैशाच्या व्यवहारांवर लक्ष ठेवणारा आंतरराष्ट्रीय गट) याच परिषदेत स्थापन झालं.

सीनकाठीताई, "जुनं शहर वाचलं, कारण नव्याला वेशीबाहेर जागा दिली" हे वाक्य मात्र इतकं सरळ घेता येणार नाही. पॅरिसने शहराच्या आतही प्रयोग केलाच की. मोंपार्नासचा टॉवर १९७३चा, २१० मीटर. लोक इतके चिडले की १९७७ साली उंचीवर ३७ मीटरची मर्यादा आली. मध्यंतरी ती सैल झाली आणि २०२३ साली पुन्हा घट्ट केली. म्हणजे आधी आत बांधून पाहिलं, मग हात आखडला.

ला देफाँसलाही विरोध कमी नव्हता. सुरुवातीच्या आराखड्यात सगळे टॉवर एका मापाचे, २४ बाय ४२ मीटरच्या चौथऱ्यावर आणि १०० मीटरच्या आत. नंतर कंपन्यांना मोठ्या जागा हव्या झाल्या, उंची वाढली. १९७२ साली लोकांच्या लक्षात आलं की शाँझेलिझेवरून पाहिलं तर आर्क द त्रिऑम्फच्या मागून टॉवरचे माथे डोकावणार. पेपरांतून रान उठलं. पाठोपाठ तेलसंकट आलं आणि काही वर्षं ऑफिसांना गिऱ्हाईकच मिळेना.

हे सांगायचं कारण, आपण अशी ठिकाणं पाहिली की "त्यांनी किती विचारपूर्वक केलं" म्हणून मोकळे होतो. विचार होता, पण भांडणंही होती. नागरिकांनी ओरड केली म्हणून काही गोष्टी टिकल्या. पुण्यात वाडे पडत होते तेव्हा एवढ्या मोठ्याने किती जण ओरडले?

---

उदगीरकर

मी तिथे एका कंपनीत कामाला होतो. एवढं कौतुक वाचल्यावर दुसरी बाजू लिहायलाच हवी.

वारा. नोव्हेंबर ते मार्च दोन टॉवरमधल्या फटीतून चालताना डोळ्यांतून पाणी येतं. छत्री उघडायची सोयच नाही.

खालचे मजले. वरचा स्लॅब पोस्टकार्डावर छान दिसतो, पण चुकीच्या जिन्याने उतरलात की पिवळ्या दिव्यांच्या, डिझेलचा वास येणाऱ्या रस्त्यांवर पोहोचता. तिथे फुटपाथही धड नाही. पत्ता सापडणं मुश्कील, कारण एकाच इमारतीची दारं तीन वेगवेगळ्या पातळ्यांवर.

रविवार. दुकानं आणि मॉल सोडला तर शुकशुकाट. आता तर घरून काम सुरू झाल्यापासून सोमवारी आणि शुक्रवारीही गर्दी ओसरते. जुन्या टॉवरमधली बरीच ऑफिसं रिकामी आहेत. ३०-४० मजल्यांच्या, खिडक्या न उघडणाऱ्या इमारतीचं पुढे काय करायचं, यावर तिथे बराच खल चालू असतो. काही ठिकाणी घरं आणि विद्यार्थी वसतिगृहं करायचं चाललंय.

आर्शच्या पायऱ्यांवर बसून जेवणारे लोक मलाही आवडायचे. पण साडेसातनंतर तिथे थांबावंसं कधी वाटलं नाही. पेठेत रात्री अकराला अमृततुल्यापाशी चार टाळकी उभी असतात, ती इथे आराखड्यात बसवायची राहिली.

---

वास्तुवेडी

उदगीरकर, वाऱ्याबद्दल अगदी सहमत. उंच इमारतीवर आदळलेला वारा खाली वळतो आणि कोपऱ्यांवर वेग घेतो. त्यात हा भाग उंचवट्यावर आहे. पहिल्या पिढीच्या टॉवरांच्या वेळी याचा पुरेसा अभ्यास झालेला नव्हता. पुढच्या काळात छत, पडदे, झाडं लावून मलमपट्टी केली. आर्शच्या पोकळीत ताणून बसवलेलं पांढरं कापडी 'ढगा'चं छतही त्यासाठीच.

---

सीनकाठी

जुनापेठकर काका, तुमचा मुद्दा मान्य. लोकांच्या ओरडण्याचं श्रेय आराखड्याला देऊ नये.

उदगीरकर, संध्याकाळचं तुम्ही म्हणता ते पोटतिडकीचं आहे हे कळतंय. तरी मी एक सांगेन, तिथे लोक राहतातही. स्लॅबवर घरांच्या इमारती आहेत. बुधवारी दुपारी शाळा नसते तेव्हा आगाम या कलाकाराच्या कारंज्यापाशी पोरं सायकली घेऊन फिरतात, आज्या बाकांवर बसलेल्या असतात. ज्या पुतळ्यावरून या भागाला नाव मिळालं तो शिल्पकार बारियासचा पुतळाही तिथेच. १८७०-७१च्या प्रशियन वेढ्यात शहर लढवणाऱ्यांच्या स्मरणार्थ १८८३ साली उभा केलेला. टॉवरांच्या गर्दीत तो चटकन दिसत नाही, मुद्दाम शोधावा लागतो.

---

मुक्तछंदा

मी नाँतेर विद्यापीठात शिकले. तिथून आर्शची मागची बाजू दिसते. पुढची बाजू सगळे बघतात, म्हणून मागच्या बाजूबद्दल लिहिते.

आर्शच्या पायऱ्या चढा, पोकळीतून पलीकडे जा आणि पश्चिमेला चालत राहा. पायवाटेच्या कडेला खाली दोन दफनभूमी दिसतात, न्यूयीची आणि प्युतोची. टॉवर आले तरी त्या हलवल्या नाहीत. काचेच्या इमारतींच्या पायथ्याशी दगडी क्रूसांच्या रांगा. त्यापुढे अरेना आहे, २०२४च्या ऑलिंपिकमध्ये लेओं मार्शांने चार सुवर्णपदकं जिंकली ती जागा. आणि त्याच्याही पुढे नाँतेर.

१९५०-६०च्या दशकांत या भागात झोपडपट्ट्या होत्या. पत्रे, फळ्या, डांबरी कागद यांची घरं, चिखल, मोजके नळ. त्यांत राहणारे बहुतेक अल्जीरियातून आलेले कामगार आणि त्यांची कुटुंबं. पॅरिसचे कारखाने आणि बांधकामं त्यांच्याच जिवावर चालत होती. सर्वांत मोठ्या वस्तीचं नाव होतं ला फोली, आणि ती ला देफाँस उभारणाऱ्या प्राधिकरणाच्याच जमिनीवर होती. सीएनआयटीचं छत जगभर गाजत होतं तेव्हा तिथून चालत जाण्याच्या अंतरावर बायका हिवाळ्यात पाण्यासाठी रांगेत उभ्या असत. मोनिक एर्वो ही फ्रेंच कार्यकर्ती १९५९ पासून त्याच वस्तीत राहिली आणि तिने सगळं नोंदवून ठेवलं, म्हणून आज ते तपशिलात वाचता येतं.

१७ ऑक्टोबर १९६१. अल्जीरियन लोकांवर लादलेल्या संचारबंदीविरुद्ध पॅरिसमध्ये मोर्चा होता. नाँतेरच्या वस्त्यांमधून माणसं, बायका, मुलं स्वच्छ कपडे घालून निघाली. न्यूयीच्या पुलावर पोलिसांनी त्यांना अडवलं. गोळ्या झाडल्या, लाठ्या चालवल्या. त्या रात्री शहरभर अनेकांना मारून सीनमध्ये फेकण्यात आलं. पोलीसप्रमुख होता मोरिस पापाँ. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षाने हे जाहीरपणे मान्य करायला २०१२ साल उजाडलं.

सीनकाठी, तुम्ही ज्या पुलावर खिडकीपाशी असा म्हणालात, तो हाच पूल. तुम्ही छानच लिहिलंय, माझी तक्रार नाही. पण तिथून जाताना हेही माहीत असावं, एवढंच मला वाटतं.

पुढे वस्त्या उठवल्या. काही कुटुंबं संक्रमण शिबिरांत गेली आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिली. विद्यापीठ १९६४ साली लष्कराच्या जुन्या जागेवर सुरू झालं होतं, तेव्हा आजूबाजूला झोपड्याच होत्या. त्याच विद्यापीठात २२ मार्च १९६८ला आंदोलनाची ठिणगी पडली आणि मे महिन्यात सगळं फ्रान्स बंद पडलं. आणि आता मे २०२४ मध्ये आरईआरची 'ई' लाइन ला देफाँसच्या पोटातून पुढे नेली, तिचं शेवटचं स्टेशन आहे नाँतेर-ला फोली. चकचकीत, काचेचं. तिथे राहिलेल्या लोकांची नातवंडं आज त्या गाडीने कामाला जात असतील.

पायात बळ असेल तर एमिल आयो या वास्तुकाराचे टॉवरही बघून या. १८ इमारती, सगळ्या गोलाकार, भिंतींवर ढगांची मोझेक, खिडक्या काही गोल, काही चौकोनी, काही थेंबाच्या आकाराच्या. सरकारी भाड्याची घरं आहेत ती. गरिबाच्या घरालाही वेगळी खिडकी असावी असं कुणालातरी वाटलं, हे मला तिथल्या सगळ्या काचेपेक्षा मोठं वाटतं. सध्या दुरुस्तीचं काम चालू आहे.

---

जुनापेठकर

मुक्तछंदा, प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहावंसं वाटलं नाही. धन्यवाद.

---

फेजतीन

मुक्तछंदाताई, खरंच धन्यवाद. आमच्या हिंजवडी-माणच्या जमिनी कुणाच्या होत्या, मोबदला कुणाला कसा मिळाला, तिथे काम करणाऱ्या आम्हा लोकांपैकी किती जणांना ठाऊक आहे? मी माझ्या टीममध्ये विचारणार आहे.

वास्तुवेडींच्या उत्तरावरून मला एक हिशोब करायचाय. तिथे पहिला टॉवर कधी आला आणि रेल्वे कधी?

---

वास्तुवेडी

पहिला टॉवर १९६६, आरईआर स्टेशन १९७०. मेट्रो मात्र १९९२ला पोहोचली. ट्राम १९९७.

---

फेजतीन

म्हणजे पहिल्या टॉवरनंतर चार वर्षांत रेल्वे. आमच्याकडे आयटी पार्क नव्वदच्या दशकाच्या शेवटाला आला आणि शिवाजीनगर-हिंजवडी मेट्रोचं भूमिपूजन झालं डिसेंबर २०१८मध्ये. तोपर्यंत एका पिढीचे गुडघे आणि पाठी क्लच दाबण्यात गेल्या. मुंबईच्या बीकेसीचंही तेच. ऑफिसं नव्वदच्या दशकात, जमिनीखालची मेट्रो ऑक्टोबर २०२४ला. मधल्या काळात लोक कुर्ला आणि वांद्र्याहून शेअर रिक्षाने लोंबकळत गेले.

पैसा नव्हता हे कारण मला पटत नाही. प्रत्येक टॉवरला परवानगी देताना येणारी माणसं मोजता येत होतीच.

---

उदगीरकर

फेजतीन, इथे तुमच्या बाजूने. सकाळी आरईआरमध्ये मीही चेंगरून प्रवास केलाय, तो काही सुखाचा नव्हता. पण गाडी दोन-तीन मिनिटांनी यायची आणि मी किती वाजता पोहोचणार हे घरातून निघताना माहीत असायचं. वाऱ्याबद्दल माझा राग कायम आहे, पण गाडीबद्दल नाही.

---

गोदाकाठची

सगळा धागा एका दमात वाचला. पुढच्या महिन्यात आईबाबांना घेऊन येतेय. आईचे गुडघे दुखतात, फार चालता येत नाही. तिला काय काय जमेल? आणि तिकिटाचा गोंधळ असतो असं ऐकलंय. शाकाहारी काही मिळतं का?

---

सीनकाठी

गोदाकाठची, आईंना घेऊन अवश्य जा.

तिकिटाचा घोळ आता मिटलाय. पूर्वी मेट्रोचं तिकीट काढून आरईआरने गेलं की ला देफाँसच्या गेटवर अडकायला व्हायचं आणि दंड बसायचा. जानेवारी २०२५ पासून दोन्हींना एकच तिकीट चालतं. तरी मेट्रोनेच या, पूल दिसतो. मात्र एस्प्लानादला उतरू नका. तिथून आर्शपर्यंत सुमारे एक किलोमीटर चढ आहे. थेट शेवटच्या स्टेशनला उतरा आणि 'ग्रांद आर्श' लिहिलेल्या बाजूने बाहेर या. सरकते जिने आणि लिफ्ट दोन्ही आहेत. वर आलात की आर्श डाव्या-उजव्या हाताला शोधावी लागत नाही, समोरच असते. पायऱ्या चढायची गरज नाही, खालच्या बाकावरून पूर्वेची रेषा दिसते. सीएनआयटी तिथून दोन मिनिटांवर आहे, आत बसायला जागा आणि स्वच्छतागृह. काल्डर आणि मिरोही त्याच चौकात.

खाण्याचं म्हणाल तर मॉलमध्ये फलाफल, पिझ्झा, सॅलड सहज मिळेल. वरणभात हवा असेल तर परतताना ला शापेलला जा, तिथे तमिळ लोकांची दुकानं आणि खानावळी आहेत. इडली-डोसा चांगला मिळतो, मेथी आणि कढीपत्ताही.

जाताना स्वेटर आणि कानटोपी नक्की घ्या, उदगीरकरांचं ऐका. संध्याकाळी पाचच्या सुमाराला पोहोचा, म्हणजे उजेडात शिल्पं बघून होतील. परतताना ऑफिस सुटायच्या गर्दीत सापडू नये म्हणून सात वाजेपर्यंत तिथेच थांबा आणि मग निघा. तोवर गाडीत आईंना बसायला जागा मिळते.

मुक्तछंदा, आर्शच्या मागची ती वाट मला तुमच्यासोबत चालायची आहे. तुम्ही अजून पॅरिसमध्ये असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

मुक्तछंदा

केला आहे. रविवारी चालेल? आयोच्या टॉवरपर्यंत जाऊ, आणि येताना नव्या स्टेशनवरून 'ई' लाइन पकडू.